पाणचक्कीचे पीठ, खाओ सानचे तांदूळ

'फ्यूजन' हा शब्द आता महानगरांपुरता उरलेला नाही. जिल्ह्याच्या गावीही उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'थाई', 'चायनीज' आणि 'फ्यूजन' ही विशेषणे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. या शब्दामागे एक गृहीतक दडलेले असते: मिश्रण ही आजची गोष्ट, त्यापूर्वी प्रत्येक प्रांताचे अन्न आपापल्या जागी शुद्ध होते. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादच्या, अन्नेतिहासाकडे पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही. मात्र त्याच्या जागी 'सारे कसे एकमेकांत मिसळून गेले' असे गोड चित्र रंगवणेही तितकेच फसवे आहे, असे आम्हांला वाटते.

आरंभ दोन स्थलनामांपासून करू. बँकॉकमधील खाओ सान हा रस्ता पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात जग हिंडणाऱ्यांचा प्रसिद्ध अड्डा आहे. १८९२ मध्ये, राजा चुलालाँगकॉर्न याच्या कारकिर्दीत, तो बांधला गेला. 'खाओ सान' म्हणजे कांडून सडलेले तांदूळ; तेथे तांदळाचा व्यापार चाले. प्रवाशांच्या खोल्या आणि खाणावळी १९८० च्या दशकापासून वाढल्या. आपल्याकडे प्रवाशांचे असेच एक ठिकाण त्याच्याही पूर्वी होते आणि त्याचेही नाव धान्याशीच जोडलेले आहे: पाणचक्की. बुखाऱ्याच्या परिसरातून दख्खनेत आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया. डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर येथे जाते फिरवले जाई आणि तकियाच्या आश्रयाला असलेल्यांसाठी पीठ दळले जाई. औरंगजेबाच्या फौजांमागून तुराणातले कितीतरी फकीर, शिपाई आणि नशीब काढायला निघालेले तरुण या शहरात येत. त्यांच्या हकिगती 'मलफूजाते नक्षबंदिया' या अठराव्या शतकातील फारसी ग्रंथात आहेत. सायमन डिग्बी यांनी २००१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. साधूच्या नावातच 'मुसाफिर' आणि त्याच्या दारात चक्की, हा योग बोलका आहे. परका माणूस जेथे थांबतो, तेथे आधी धान्य दळावे लागते.

या शहराचा मानबिंदू मानला गेलेला पदार्थ म्हणजे नान-खलिया. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवली, त्या वेळी फौजेच्या मुदपाकखान्यातून तो येथे आला, असे परंपरा सांगते. परंपरा म्हणून या कथेचे मोल आहे. आजच्या ताटाचा पुरावा म्हणून मात्र ती पुरेशी नाही. आज खलियावर जी लाल तर्री तरंगते ती मिरचीची. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भारतात १४९८ मध्ये उतरले, त्यानंतर ती आली. तुघलकाच्या शिपायाने ती चाखलेली असणे शक्य नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आईने अकबरी'त 'कलिया' आहे, पण मिरची नाही. तिखटपणाचे काम मिरे करतात. १३४२ मध्ये दिल्लीहून निघून दौलताबादमार्गे गेलेल्या इब्न बतूताने मराठ्यांचे अन्न नोंदवले तेही भात, भाजी आणि तिळाचे तेल असे. तेव्हा आपण ज्याला 'अस्सल' म्हणतो ते नान-खलिया हे फारसी नाव, तंदूरची भाकर, दख्खनी हात आणि अमेरिकेचे फळ यांतून पुढे केव्हातरी सिद्ध झाले.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गमतीची गोष्ट आढळेल. नव्या तिखट फळाला मराठीने जुन्याच 'मरीचा'चे नाव दिले आणि 'मिरची' रूढ केले. मिरे मात्र आपल्या नावाने टिकून राहिले. थाई भाषेत याच्या उलट घडले. मिऱ्याचे 'फ्रिक' हे नाव मिरचीने बळकावले आणि बिचाऱ्या मिऱ्याला 'फ्रिक थाई', म्हणजे 'आपले थाई फ्रिक', अशी वेगळी ओळख द्यावी लागली. पोर्तुगिजांनी गोवा १५१० मध्ये घेतला, मलाक्का १५११ मध्ये, आणि त्याच सुमारास ते अयुथयाच्या दरबारी पोहोचले. ज्या थाई तिखटाला आपण आज परके समजून चाखतो, ते आणि आपले तिखट अशा रीतीने एकाच सागरी वाटेचे सोबती आहेत. 'मस्समन' या थाई रश्श्याचे नाव तर 'मुसलमान' या शब्दावरून आले असे मानतात. त्यात वेलदोडे, दालचिनी, जिरे, लवंगा आहेत. तो खलियाचा दूरचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही.

येथवरचे चित्र सुखद आहे. पण मसाले जितक्या सहज मिसळले, तितक्या सहज माणसे मिसळली काय? १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळच्या प्रवासात दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले. रमजानचे दिवस होते. धुळीने माखलेल्या मंडळींनी वेशीजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तोच 'हौद बाटवला' असा गिल्ला झाला. अखेर, गडावर कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर त्यांना आत सोडले गेले आणि बरोबर हत्यारबंद शिपाई दिला गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत ही हकिगत आहे. जेथून नान-खलियाची कथा सुरू होते, त्याच दौलताबादची ही गोष्ट. पदार्थाचे नाव फारसी, तिखट अमेरिकेचे, आणि पाण्यावर पहारा मात्र अस्सल देशी! तोही येथे मुसलमानांनी बसवलेला, हे बाबासाहेबांनी आवर्जून नोंदवले.

याच भूमीत याच्या विरुद्ध जाणारी परंपराही होती, हे विसरून चालणार नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी वेरूळला राहिले; 'लीळाचरित्रा'त त्या वास्तव्याच्या लीळा आहेत. महानुभावांच्या आचारधर्माने साधकाला चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागण्यास सांगितले. निरनिराळ्या घरांचे अन्न एकाच झोळीत पडे. तेच साधकाचे जेवण. आजच्या पाटीवरचे 'फ्यूजन' स्वादासाठी आहे, त्या झोळीतले मिश्रण भेद मोडण्यासाठी होते. दोहोंतला फरक लहान नाही.

म्हणून अन्नाचा इतिहास लिहिताना 'काय शिजले' या प्रश्नाशेजारी 'कोणाला वाढले' आणि 'कोणाचे शिजलेले नोंदले गेले' हे प्रश्न मांडावे लागतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे अन्न प्रथमच एवढ्या तपशिलाने ग्रंथात आणले. दरबारी पदार्थांना दंतकथा लाभल्या; या अन्नाला साधी नोंद मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. आमच्या वर्गांतले कितीतरी विद्यार्थी अशाच घरांतून येतात. अजून हयात असलेल्या आजी-आईंकडून पदार्थांची नावे, मोजमापे आणि ती कोणाबरोबर बसून खाल्ली याच्या आठवणी त्यांनी लिहून घेतल्या, तर ते मराठीच्या अभ्यासाचेच काम ठरेल. शहराचे नाव खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर असे बदलत आले. ताटाची नोंद मात्र अजून पुरी झालेली नाही.