ओ पेअर

१७. ओ पेअर : ‘बरोबरीच्या नात्याने’ अशा अर्थाची ही फ्रेंच संज्ञा असून, परदेशी कुटुंबात राहून तेथील मुलांचा सांभाळ व हलके घरकाम करणाऱ्या आणि त्या बदल्यात निवास, भोजन व हातखर्च मिळवत त्या देशाची भाषा शिकणाऱ्या तरुण व्यक्तीस ती लावली जाते; म्हणूनच ‘मोलकरीण’ हा प्रतिशब्द येथे अन्यायकारक ठरतो. युरोप परिषदेच्या २४ नोव्हेंबर १९६९ च्या स्ट्रासबर्ग करारात अशा व्यक्तीचे काम दिवसाला साधारणतः पाच तासांपेक्षा अधिक नसावे व आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस तिला मोकळा मिळावा, असे ठरले. जर्मनीत भारतीय अर्जदाराचे वय १८ ते २६ असावे लागते, जर्मन भाषेची ए-१ पातळी आवश्यक असते आणि वास्तव्य एका वर्षापुढे वाढत नाही.  भारतात दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर पडणारी ‘ईसीआर’ ही नोंद १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याशी संबंधित असून, आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी ती बंधनकारक करते, आणि ३० वर्षांखालील स्त्रीला घरकामासाठी ती परवानगी दिली जात नाही. जर्मनी त्या यादीत नाही. तेथे जाणाऱ्या ओ पेअरला मात्र योग्य व्हिसा भारतातूनच, प्रस्थानापूर्वी घ्यावा लागतो.