कोजागिरी, भाड्याचा व्हीसीआर आणि जलालपूरची लेक

साल 1987. कोजागिरी. नाशिकच्या पंचवटीतल्या एका वाड्याच्या चौकात तुम्ही उभे आहात. खिशातला मोबाइल खिशातच राहू द्या. बाहेर काढलात तर वाडाभर पोरं गोळा होतील. चपला दाराशी काढा आणि आत या.

स्टुलावर टीव्ही, त्याची शटरची दारं उघडलेली. शेजारी दुमडलेल्या टॉवेलवर व्हीसीआर, भाड्याचा. सकाळी परत करायचाय, म्हणून रात्रभरात होईल तेवढं बघून घ्यायचं असा वाड्याचा ठराव. नाहीतरी आज जागायचंच आहे.

पहिला सिनेमा मारामारीचा. तो संपतो तोवर दूध आटत आलेलं असतं. मग मुंबईचे मामा पिशवीतून एक कॅसेट काढतात. काल पंचवटी एक्सप्रेसनं येताना ती त्यांनी मांडीवर जपून आणलीय. लेबलवर बॉलपेननं लिहिलंय : ‘स्मृतिचित्रे’.

“टेलिफिल्म?” पोरं कण्हतात. “फायटिंग आहे का तिच्यात?”

“आहे,” मामा म्हणतात. “नवराबायकोची.”

तुम्ही आलात ते हिच्यासाठीच. ‘रंगायन’वाल्या विजया मेहतांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावर टेलिफिल्म केली होती, हे तुमच्या काळात किती जणांना ठाऊक आहे? चित्र वर सरकतं, मामा ट्रॅकिंगची खुंटी फिरवतात, मुंग्या ओसरतात. लक्ष्मीबाई झालेल्या सुहास जोशी. त्यांचे यजमान टिळक म्हणजे रवींद्र मंकणी, ज्यांना तुम्ही ‘स्वामी’तले माधवराव म्हणून ओळखता.

थोड्या वेळानं तुमच्या लक्षात येतं, की तुम्ही जरा पुढे सरकून बसला आहात. गाणं येईल म्हणून कुणी वाट बघत नाही, मध्यंतर नाही, माणसं मात्र हाताच्या अंतरावर. मोठ्या पडद्यावर टिळकांचं धर्मांतर म्हणजे ढग, वीज आणि चाळीस व्हायोलिनं झाली असती. लक्ष्मीबाईंची गोष्ट तशी नाहीच. तांदूळ निवडता निवडता शेजारणीला सांगावं तशी ती बाई आयुष्यातली मोठ्यात मोठी दुखणी सांगते, आणि वर स्वतःलाच हसते. असल्या सांगण्याला चौकोनी, लहानशी काचच बरी. सत्यजित राय यांनी 1981 मध्ये दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केली, तीही असल्याच काचेसाठी, तासाभराच्या आतली. ओम पुरी आणि स्मिता पाटील यांची ती फिल्म घरात बसून बघताना मान वळवायला जागा उरत नाही.

“जलालपूरची ही. गोखल्यांची,” आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात. “इथेच, गंगेच्या वरच्या अंगाला.” आणि मग फिल्मच्या जोडीनं आजींचीही फिल्म सुरू होते. सत्तावन्नच्या बंडात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि तेव्हापासून वडिलांनी सोवळ्याचा कसा ध्यास घेतला. अकराव्या वर्षी लग्न. टिळकांचं पायात चक्र. 1934 पासून पुस्तकाचे भाग निघू लागले, तेव्हा ते हातोहात फिरत. “मी लग्न होऊन नाशकात आले, त्याच वर्षी वारल्या त्या.” म्हणजे 1936. तुम्ही मनात हिशेब करता.

1895. टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेतात. कोपऱ्यातले एक आजोबा पुटपुटतात, “बाटला शेवटी.”

आजी टीव्हीवरची नजर हलवत नाहीत. “पाच वर्षं अडून राहिली ती, मग स्वतःच्या मनानं गेली. तुम्ही पाच दिवस बायकोशिवाय राहून दाखवा.”

आजोबा दुधाचा पेला उचलतात.

फिल्म संपते. पाटी पुरती वर जायच्या आतच खालचं जुनं रेकॉर्डिंग उघडं पडतं, कुठल्याशा ‘छायागीत’चं अर्धं कडवं. मामा कॅसेट काढून घेतात. “परवापासून रिलायन्स कप. कोरी कॅसेट महाग पडते, हिच्यावरच घेऊ.”

त्यांना दोष देऊ नका. खुद्द दूरदर्शनमध्येही टेप महाग म्हणून जुन्यावर नवं चढवतात, आणि तिथे तर मूळ प्रतच जाते.

पण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. 9 तारखेला मद्रासला भारत या वर्ल्ड कपातली आपली पहिलीच मॅच ऑस्ट्रेलियाशी एका धावेनं हरणार आहे. तुम्ही घसा खाकरता. “मामा, पहिली मॅच ठेवण्यासारखी नसेल हो.”

“तुम्ही ज्योतिषी का?”

“तसंच समजा. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची चिमुकली पट्टी असते ना, तेवढी मोडून टाका. मग हिच्यावर काही चढणार नाही.”

मामा चमच्याचा दांडा हातात घेऊन विचार करत राहतात.

“मोडामोडी मग करा,” आजी म्हणतात. “आधी मागे घ्या. मी दूध ढवळत होते, सुरुवातीचं काही दिसलंच नाही मला.”