कौल आणि कारणं

कायदा करण्याचा हक्क थेट लोकांच्या हाती आला की लोकशाही पूर्ण झाली, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात हा हक्क १९०२ पासून आहे. पण 'हो' की 'नाही' यावर खूण करण्याआधी विचार कधी करायचा? 'हेल्दी डेमोक्रसी' या ना-नफा संस्थेने २०१० मध्ये २४ मतदार सोडतीसारखे निवडले. काही गुन्ह्यांची शिक्षा वाढवणाऱ्या प्रस्तावावर पाच दिवस त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. २१ जण विरोधात गेले. त्यांची कारणं सरकारी मतदार-पुस्तिकेत छापली गेली. तरी लोकांनी प्रस्ताव मंजूर केलाच! मग प्रयोग फसला? आम्हाला तसं वाटत नाही. कौल लोकांचाच, कारणं मात्र या वेळी त्यांच्यासमोर होती.