इंग्लंडच्या पायवाटा: वहिवाटीपासून नकाशापर्यंत

इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक वहिवाटीच्या वाटांची एकूण लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. त्यांतल्या बहुतेक वाटा केवळ पायी चालण्याच्या आहेत, आणि त्या जातात बहुतांशी खाजगी जमिनीतून: गव्हाच्या शेतातून, मेंढ्यांच्या कुरणातून, कधी एखाद्या वाड्याच्या बागेतून, कधी शेतकऱ्याच्या घराला अगदी खेटून. जमीन मालकाची, पण वाट सर्वांची. चालणाऱ्याला परवाना लागत नाही, पैसे पडत नाहीत, कोणाला सांगावेही लागत नाही. सुटीच्या दिवशी जाड तळाचे बूट चढवून चार-सहा मैल हिंडून येणे आणि वाटेतल्या पबमध्ये टेकणे हा तिथे घराघरांतला परिपाठ आहे. इंग्रजांच्या रोजच्या जगण्यातली ही सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल. मात्र ती आपोआप टिकलेली नाही. दोनशे वर्षांची भांडणे, खटले आणि काही जणांचा तुरुंगवास तिच्यामागे आहे.

या वाटा कोणी मुद्दाम बांधल्या नाहीत. गावकरी चर्चला गेले, दळण घेऊन पाणचक्कीवर गेले, बाजाराला गेले, खाणीत कामाला गेले आणि त्यांच्या पायांनी वाटा पडल्या. त्यांतला एक प्रकार विशेष लक्षात राहणारा आहे, तो प्रेतवाटांचा. मध्ययुगात दफनाचा हक्क मोठ्या, मूळ चर्चकडे असे. वाडीवस्तीवरच्या लहान प्रार्थनाघराला तो नसे. त्यामुळे डोंगरातल्या माणसांना आपला मृत माणूस कित्येक मैल खांद्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून न्यावा लागे. डार्टमूरच्या माळावरून लिडफर्डच्या चर्चकडे जाणारी 'लिच वे' ही अशीच वाट. लेक डिस्ट्रिक्टमधल्या मार्डेल गावचे लोक आपली प्रेते डोंगर ओलांडून शॅपला नेत. १७३६ मध्ये त्या वाटेने शेवटचे प्रेत गेले. पुढे १९३० च्या दशकात मँचेस्टर शहराला पाणी पुरवण्यासाठी हॉजवॉटरचे धरण झाले आणि मार्डेल गावच पाण्याखाली गेले. वाट मात्र आजही डोंगरावर आहे आणि लोक तिच्यावरून चालतात.

दुसरा मोठा प्रकार गुरांच्या वाटांचा. वेल्स आणि स्कॉटलंडमधून मांसासाठीच्या गुरांचे तांडे लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराकडे आठवडेच्या आठवडे चालत येत. लांबच्या चालीत खूर झिजू नयेत म्हणून बैलांना नाल ठोकत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वे आली, गुरे डब्यांतून जाऊ लागली आणि हा धंदा बसला. त्या रुंद, हिरव्या वाटा तशाच मागे राहिल्या.

कायद्याच्या दृष्टीने या वाटांचा पाया वहिवाट हाच आहे. लोक पुष्कळ काळ उघडपणे, न लपता, न विचारता एखाद्या वाटेने येत-जात असतील आणि मालकाने त्यांना अडवले नसेल, तर त्याने ती वाट लोकांना देऊन टाकली आहे असे इंग्लिश न्यायालये मानत आली. आणि एकदा सार्वजनिक झालेली वाट वापर थांबला म्हणून मरत नाही. तिच्यावर काटेरी झुडपे माजली, पन्नास वर्षांत कोणी फिरकले नाही, तरी हक्क शिल्लक राहतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला शेतरस्त्यांच्या वादांमुळे वहिवाट ही कल्पना परकी नाही. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला, आणि त्यातली वीस वर्षांच्या अखंड वापराची अट इंग्लिश कायद्याच्याच वळणाची आहे. पण आपल्याकडचा असा वाद बहुधा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला असतो. ज्याचे शेत पलीकडे आहे त्याला अलीकडच्या शेतातून वाट हवी असते. इंग्लंडच्या पायवाटेवर हक्क सांगायला मात्र पलीकडे शेत असावे लागत नाही. काल विमानातून उतरलेल्या परदेशी माणसाचाही तिथे तेवढाच हक्क आहे.

या वाटांवर पहिला मोठा घाव कुंपणबंदीने घातला. सतराव्या शतकाच्या आरंभापासून पहिल्या महायुद्धापर्यंत पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून गावांची सामाईक कुरणे आणि मोकळी शेते खाजगी मालकीत वाटून टाकली. त्यांतले बहुतेक कायदे १७५० नंतरच्या शंभर वर्षांतले. इंग्लंडच्या एकूण भूमीपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे ६८ लाख एकर जमीन अशी कुंपणात गेली. वाटणी करणारे आयुक्त नवे सरळ रस्ते आखत आणि जुन्या वाकड्या वाटा कागदावरून पुसून टाकीत. तेव्हाच्या नॉर्थॅम्प्टनशरमधल्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याच्या डोळ्यांदेखत त्याच्या गावाची मोकळी शेते बांधांत आणि फाटकांत अडकली. ज्या माळांवर तो लहानपणी मनसोक्त हिंडला होता तिथे मज्जावाच्या पाट्या आल्या. त्याच्या कवितांतली सर्वांत जळजळीत कविता याच दुःखाची आहे.

त्यावर १८१५ च्या कायद्याने मीठ चोळले. कोणतेही दोन मॅजिस्ट्रेट एखादी वाट 'अनावश्यक' ठरवून बंद करू शकतील, अशी तरतूद त्यात होती. गावोगावचे मॅजिस्ट्रेट म्हणजे तिथलेच जमीनदार. आज एकाने दुसऱ्याची वाट बंद करावी, उद्या दुसऱ्याने पहिल्याची, असा व्यवहार सुरू झाला. वाट वापरणाऱ्या मजुराला किंवा विणकऱ्याला त्याचा पत्ता लागे तो थेट नवीन भिंत समोर आल्यावर. १८३५ च्या महामार्ग कायद्याने आधी जाहीर सूचना देणे सक्तीचे केले, तोपर्यंत वीस वर्षे गेली होती.

लोकांनी संघटित होऊन केलेला प्रतिकारही याच काळातला. १८२४ मध्ये यॉर्क शहराच्या आसपासच्या प्राचीन पायवाटांच्या रक्षणासाठी एक मंडळी उभी राहिली, आणि दोन वर्षांनी मँचेस्टरमध्ये तशीच दुसरी. मँचेस्टरच्या मंडळीला निमित्त झाले फ्लिक्स्टन गावचे राल्फ राइट. ते स्वतः मॅजिस्ट्रेट होते आणि त्यांनी आपल्या जमिनीतून जाणारी वाट बंद करवली होती. पत्रकार आर्चिबाल्ड प्रेंटिस आणि त्याच्या साथीदारांनी वर्गणी काढून हे प्रकरण न्यायालयात लढवले आणि वाट पुन्हा खुली करून घेतली. पर्यावरण हा विषय लोकांच्या बोलण्यात यायच्या कितीतरी आधी, एका गिरणगावातल्या साध्या नागरिकांनी कोर्टाचा खर्च अंगावर घेऊन चालण्याचा हक्क राखला, ही गोष्ट इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात आजच्यापेक्षा मोठ्या जागेची हकदार आहे.

शतक सरत आले तसा वाटांचा अर्थ बदलला. गिरण्यांच्या धुरात आठवडा काढणाऱ्या कामगाराला आता वाट कामावर जाण्यासाठी नको होती. रविवारी मोकळा श्वास घेण्यासाठी हवी होती. मँचेस्टर, शेफील्ड, बोल्टन या शहरांच्या उशाशीच पेनाइन डोंगररांगेचे उंच माळ आहेत. पण तेच माळ श्रीमंतांनी ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखले होते. दर वर्षी १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होई. तो नीट पार पडावा म्हणून बाकीचे वर्षभर राखणदार माणसांना हुसकावत. १८९३ चा हॅरिसन विरुद्ध ड्यूक ऑफ रटलंड हा खटला या संघर्षाचा नमुना आहे. ड्यूकच्या माळातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर हॅरिसन उभा राहिला आणि शिकाऱ्यांकडे हाकलले जाणारे पक्षी बिचकावेत म्हणून त्याने छत्री उघडली. राखणदारांनी त्याला जमिनीवर दाबून धरले. न्यायालयाने निकाल दिला की रस्ता जाण्या-येण्यासाठी आहे. त्यावर उभे राहून दुसऱ्याच्या शिकारीत अडथळा आणणारा माणूस अतिक्रमणच करतो. वाटेवरचा हक्क किती अरुंद असतो हे त्या निकालाने दाखवून दिले.

तीन वर्षांनी बोल्टनमध्ये त्याहून मोठी ठिणगी पडली. कर्नल रिचर्ड एन्सवर्थ यांनी विंटर हिलकडे जाणारी वाट फाटक लावून बंद केली, तेव्हा सप्टेंबर १८९६ मधल्या एका रविवारी सुमारे दहा हजार माणसे त्या वाटेने निघाली आणि फाटक मोडून पुढे गेली. स्थानिक पत्रकार सॉलोमन पार्टिंग्टन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. एन्सवर्थनी दावा लावला आणि जिंकलाही. त्या वाटेला अधिकृत मान्यता मिळायला १९९६ साल उजाडले. शेजारच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये वाटाघाटींचा मार्ग जास्त फळला. तिथल्या पायवाटांसाठी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १८९७ मध्ये हेफील्डहून स्नेक इनपर्यंतची वाट खुली करून घेतली. या संस्थेच्या हिरव्या धातूच्या दिशादर्शक पाट्या आजही त्या डोंगरांत उभ्या आहेत.

१९३२ या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. २४ एप्रिलला सुमारे ४०० तरुण स्त्री-पुरुष हेफील्डहून किंडर स्काउट या डोंगरावर चढले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन वीस वर्षांचा मेकॅनिक होता. ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या राखणदारांशी झटापट झाली. परतताना सहा जणांना अटक झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंत शिक्षा झाल्या. दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा तेव्हा फौजदारी गुन्हाच नव्हता, म्हणून खटला दंगा आणि मारहाणीचा भरला गेला. ज्युरीत लष्करी अधिकाऱ्यांचा भरणा होता. चालणाऱ्यांच्या जुन्या मंडळींना हा मार्ग पसंत नव्हता, पण इतक्या कठोर शिक्षांनी त्यांचीही मने हलली. काही आठवड्यांनी विनॅट्स खिंडीतल्या सभेला दहा हजारांच्या घरात लोक जमले. २००२ मध्ये, किंडरच्या चढाईच्या सत्तराव्या वर्धापनदिनी, तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने जाहीर माफी मागितली.

त्याच वर्षीची दुसरी घटना वृत्तपत्रांत फारशी गाजली नाही. पार्लमेंटने वहिवाटीच्या वाटांचा कायदा केला. वीस वर्षे अखंड वापर सिद्ध झाला की मालकाने वाट लोकांना दिली असे धरायचे, असा सोपा नियम त्यामुळे आला. त्याआधी प्रत्येक खटल्यात गावातली म्हातारी माणसे उभी करून, कोणत्या मालकाच्या मनात काय होते ते शोधावे लागे. नियमात मालकासाठी पळवाट ठेवलेली होती. 'ही सार्वजनिक वाट नाही' अशी पाटी ठळकपणे लावली, किंवा वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवले, तर हक्क निर्माण होत नाही.

खरे वळण आले ते १९४९ मध्ये. महायुद्धातून बाहेर पडलेल्या देशात लेबर पक्षाचे सरकार होते आणि मंत्री लुईस सिल्किन यांनी राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा आणला. त्यातून १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच कायद्यातली नकाशाची तरतूद दूरगामी ठरली. प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांची पाहणी करून निर्णायक नकाशा तयार करायचा होता. या नकाशावर वाट आली की ती आहेच, पुन्हा पुरावा मागायचा नाही. प्रत्यक्ष पाहणी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी केली. कुठे शाळामास्तर आणि पाद्री हाती नकाशा घेऊन बांधाबांधाने फिरले. कुठे कौन्सिलावर शेतकऱ्यांचेच वर्चस्व होते, तिथे गैरसोयीच्या वाटा गाळल्या गेल्या. म्हणून आजही एका गावात वाटांचे दाट जाळे दिसते आणि लगतच्या गावाच्या वेशीवर वाट एकाएकी संपते.

नकाशावर आलेल्या वाटेची व्यवस्था बारीक नियमांनी बांधलेली आहे. डांबरी रस्ता सोडून पायवाट जिथे सुरू होते तिथे पाटी लावण्याची जबाबदारी १९६८ पासून स्थानिक प्रशासनाची आहे. पुढे पायवाटेला पिवळा बाण आणि घोड्यांच्या वाटेला निळा. कुंपण आले की चढून उतरायच्या पायऱ्या असतात, किंवा माणूस वळून जाऊ शकेल पण जनावर जाणार नाही असे फिरते फाटक. ही फाटके आणि पायऱ्या सांभाळायच्या मालकाने, पायाखालची जमीन सांभाळायची प्रशासनाने. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरली, तर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करावी लागते, आणि पीक उभे असतानाही किमान एक मीटर रुंदीची पट्टी मोकळी ठेवावी लागते. नावाजलेल्या दुभत्या जातींचा दहा महिन्यांपेक्षा मोठा वळू वाट असलेल्या कुरणात सोडता येत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशांवर या वाटा रंगीत तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, आणि असा घडीचा नकाशा हा कित्येक घरांतला सर्वांत जीर्ण झालेला छापील कागद असेल.

टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये 'डेली हेरल्ड'मधून पेनाइन रांगेवर एक सलग लांब वाट हवी अशी कल्पना मांडली होती. एडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडच्या कर्क येटहोमपर्यंतची ४३१ किलोमीटरची ती पेनाइन वे १९६५ च्या २४ एप्रिलला, म्हणजे किंडरच्या चढाईच्याच तारखेला, खुली झाली. डोंगरमाळांवर वाट सोडूनही हिंडण्याचा हक्क मिळायला २००० सालचा कायदा यावा लागला, आणि तोही इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के भूमीपुरता. पुढच्याच वर्षी गुरांमध्ये लाळ-खुरकताची साथ पसरली आणि देशभरच्या पायवाटा महिनोन्‌महिने बंद ठेवाव्या लागल्या. खेड्यांतल्या खानावळी, पब आणि राहण्याची घरे ओस पडली. ग्रामीण अर्थव्यवस्था शेतीइतकीच चालायला येणाऱ्यांवर उभी आहे, हे तेव्हा सरकारलाही उमगले.

२००० च्या त्याच कायद्यात एक कलम उलट दिशेचे होते. १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा नकाशावर आलेल्या नाहीत त्यांची नोंद करण्यास १ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत त्यात घातली होती. २०२० मध्ये रॅम्बलर्स या चालणाऱ्यांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून शोध घेतला, तेव्हा गळून गेलेल्या असाव्यात अशा ४९,००० मैलांहून अधिक वाटा समोर आल्या. त्यानंतर २०२३ मध्ये ती मुदत २०३१ पर्यंत वाढवण्यात आली. प्रत्येक वाटेसाठी कुंपणबंदीचे निवाडे, धर्मकराचे नकाशे आणि जुनी कोर्टाची कागदपत्रे धुंडाळून वेगळा अर्ज करावा लागतो, आणि हे काम मुख्यतः निवृत्त शिक्षक, कारकून आणि गावचे हौशी इतिहासकार काउंटीच्या दफ्तरखान्यांत बसून करत आले आहेत.