न पाहिलेला ‘आलम आरा’

भारतातला पहिला बोलपट कोणता? शाळेतल्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत कुणीतरी ‘आलम आरा’ असं ओरडायचं. दिग्दर्शक अर्देशिर इराणी, तारीख १४ मार्च १९३१, ठिकाण गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमागृह. सगळं तोंडपाठ. सिनेमा मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, आणि शिकवणाऱ्या बाईंनीही नाही.

पाहणार कसा? आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. उरलीत ती काही छायाचित्रं, जाहिराती आणि आठवणी. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, त्या आवाजामुळे बरंचसं चित्रीकरण रात्री करावं लागलं. माइक कलाकारांच्या आसपास लपवून ठेवलेले असत. नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले मोठे स्टार, पण त्यांचं उर्दू कच्चं, म्हणून त्यांना संवाद कमी दिले असं सांगतात. वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायलेलं गाणं हे हिंदी सिनेमातलं पहिलं गाणं मानतात. हे सगळं आपण ऐकलंय. त्या फकिराचा आवाज मात्र आपल्या कानावर पडलेला नाही.

गंमत म्हणजे, सिनेमा हरवला कसा, हेही आपल्याला ऐकूनच माहीत आहे. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली, असं अनेक ठिकाणी छापून आलं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी हे खोडून काढलं. संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, पण तिथे ही प्रत कधी आलीच नव्हती. नायर इराणींना भेटले होते. रिळं कुठेतरी असतील, असं इराणी म्हणाले. त्यांच्या मुलाने मात्र नायर यांना बाजूला घेऊन सांगितलं, की चांदी काढण्यासाठी ती केव्हाच देऊन टाकली. जुन्या फिल्मवरच्या थरात चांदी असायची, आणि सिनेमा थिएटरमधून उतरला की रिळांची खरी किंमत तेवढीच उरायची.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एकाने केलेली चूक कॉपी-पेस्ट होत शंभर फाइल्समध्ये कशी जाते, हे रोज बघतो. आगीच्या गोष्टीचंही तेच झालं. मूळ तपासायला कुणी गेलंच नाही.

‘आलम आरा’ न पाहण्याला निदान कारण आहे. त्यानंतर साधारण अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. मराठीतला पहिला बोलपट, व्ही. शांतारामांचा, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांचा. तो टिकलाय, आजही बघता येतो. त्याचं नाव, साल, कलाकार मला शाळेपासून पाठ आहेत.

पाहिलेला नाही. हा लेख लिहायला बसलो तेव्हा ते लक्षात आलं. या रविवारी बघतोय.