मराठी संकेतस्थळे आणि न्याहाळक सुसंगतता

न्याहाळक सुसंगतता म्हणजे एखादे संकेतस्थळ कोणत्याही न्याहाळकात, म्हणजेच वेब ब्राउझरमध्ये, सारख्याच रीतीने वाचता, शोधता व वापरता येण्याचा गुण होय. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या मराठीच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथे पानाच्या मांडणीबरोबरच मजकुराचे अस्तित्वही सामाईक मानकांवर अवलंबून असते.

मानकांपूर्वीची स्थिती

इ.स. १९९० च्या दशकात मराठी संकेतस्थळे सामान्यतः खास टंक वापरत. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची, मात्रांची व जोडाक्षरांच्या तुकड्यांची चित्रे बसवलेली असत. संचिकेत प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हेच साठवली जात. विशिष्ट टंक उपलब्ध असेल तरच त्यांचे मराठी रूप दिसे. निरनिराळ्या टंकांतील जागांची वाटणी निराळी असल्याने जळगाव जिल्ह्यातील 'पारोळा' या गावाचे नाव दोन संकेतस्थळांवर दोन असंबद्ध चिन्हमालिकांच्या रूपात साठवले जाणे शक्य होते. अशा मजकुरात शोध घेणे किंवा तो अकारविल्हे लावणे जवळजवळ अशक्य होते.

वाचकाने टंक आधी उतरवून घेण्याची गरज राहू नये म्हणून 'डायनॅमिक फॉन्ट' ही सोय आली. मात्र १९९७ मध्ये नेटस्केप कम्युनिकेटर ४ ने बिटस्ट्रीम कंपनीचे ट्रूडॉक तंत्र, तर इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने मायक्रोसॉफ्टचे एम्बेडेड ओपनटाइप तंत्र स्वीकारले. ही दोन तंत्रे परस्परांशी सुसंगत नव्हती. दोन्ही न्याहाळकांसाठी टंकाच्या स्वतंत्र संचिका ठेवाव्या लागत. एकच ठेवल्यास दुसऱ्या न्याहाळकात निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

सामाईक मानके

भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक (आयएस १३१९४) प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला होता. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णास जगभर एकच क्रमांक असतो. उदाहरणार्थ, 'ळ'चा क्रमांक षोडशमान पद्धतीत ०९३३ आहे. 'पारोळा' हा शब्द प, काना, र, ओकार, ळ व काना अशा सहा संकेतांनी लिहिला जातो आणि यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट जागा घेतो. टंक बदलला तरी हे संकेत बदलत नाहीत.

पानांची रचना व मांडणी यांची मानके १९९४ मध्ये स्थापन झालेली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था तयार करू लागली. पानासोबत पाठवायच्या टंकांसाठीचे 'वॉफ' हे स्वरूप तिने २०१२ मध्ये मानक म्हणून मान्य केले. त्यामुळे दोन तंत्रांसाठी दोन संचिका ठेवण्याची गरज संपुष्टात आली.

मराठीचे विशेष प्रश्न

मानक असूनही काही बाबींत द्विरूपता उरली आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद रफार व अर्ध्या 'ऱ'वर अवलंबून आहे. हा अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ' व हलन्त चिन्ह यांनी, किंवा 'र', हलन्त चिन्ह व अदृश्य जोडचिन्ह यांनी. दोन्ही रूपे सारखीच दिसतात. तथापि शोधप्रणालीने त्यांची सांगड घातली नसेल तर एक शोधताना दुसरे सापडत नाही. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये युनिकोड ५.१ आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वीच्या मजकुरात ते 'अ' व अर्धचंद्र यांच्या जोडणीने लिहिले गेले आहे.

'ल' व 'श' यांची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले. दोन्ही वळणांचे क्रमांक एकच असल्याने योग्य वळण दिसण्यासाठी पानावर भाषा मराठी असल्याची नोंद आवश्यक असते; तसेच टंकात मराठी रूपे असावी लागतात आणि न्याहाळकाने ती वापरावी लागतात.

परिणाम

मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये विंडोज १० च्या बहुतांश आवृत्त्यांवरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधार थांबवला. केवळ त्याच न्याहाळकासाठी तयार केलेली व युनिकोडमध्ये रूपांतर न झालेली जुनी मराठी पाने आजच्या न्याहाळकांत अर्थहीन अक्षरांच्या रूपात दिसतात. मूळ टंकाची मांडणी ठाऊक असल्यास परिवर्तकाच्या साहाय्याने ती वाचनीय करता येतात. टंकच हरवला असल्यास हे काम अतिशय कठीण होते. त्याच काळातील युनिकोड मजकूर मात्र विशेष प्रक्रियेविना वाचता येतो. खानदेशातील अहिराणीसाठीही देवनागरी वापरली जात असल्याने तिच्या लेखनास हीच मानके उपयोगी पडतात.