एकाच पंगतीला

सहामाही परीक्षा जवळ आली होती आणि सातवीच्या वर्गात मी सस्तन प्राण्यांचा धडा उरकत होतो. फळ्यावर गाय, वटवाघूळ, देवमासा, माकड अशी नावे लिहून झाली आणि शेवटी मी ‘माणूस’ असे लिहिले. तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, म्हणजे माणसं जनावरंच का हो?” सारा वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसत नव्हता. मधल्या सुट्टीतल्या भांडणात कोणीतरी हाच शब्द त्याला फेकून मारला होता, हे मला मागाहून कळले. इतक्यात घंटा झाली, म्हणून मी सुटलो. प्रश्न काही सुटला नाही.

हा प्रश्न छापील पानावर उघडउघड मांडला तो स्वीडनमधल्या एका पाद्र्याच्या मुलाने. कार्ल लिनियस त्याचे नाव. १७३५ साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, त्याने हॉलंडमधील लायडन येथे ‘सिस्टेमा नातुरे’ हा ग्रंथ छापून घेतला. ग्रंथ कसला, मोठाल्या आकाराची दहाबारा पानेच होती ती! पण तेवढ्या पानांत त्याने खनिजे, वनस्पती आणि प्राणी अशी सारी सृष्टी नीट मांडून ठेवली. त्या मांडणीत माकडांच्या आणि झाडाला उलटा लोंबकळणाऱ्या स्लॉथच्या पंगतीला त्याने माणसाचाही पाट मांडला. इतर प्राण्यांच्या नावापुढे त्यांच्या शरीराच्या खुणा लिहिल्या. माणसापुढे मात्र ‘स्वतःला ओळख’ एवढाच लॅटिन उपदेश.

साहजिकच टीका झाली. १७४७ साली ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात लिनियसने उलट विचारले, की माणसाला माकडापासून वेगळे काढणारी अशी एखादी खूण, निसर्गशास्त्राच्या नियमाला धरून, कोणी मला दाखवील काय? मला तरी ती ठाऊक नाही. पुढे १७५८ च्या आवृत्तीत त्याने या गटाला ‘प्रायमेट’, म्हणजे अग्रमानाचे, असे नाव दिले आणि माणसाला ‘होमो सेपियन्स’, म्हणजे शहाणा माणूस, म्हटले. पाट पहिला मिळाला. पंगत बदलली नाही. आणि या पंगतीतून लिनियसने स्वतःला वगळलेही नाही.

पण याच शहाण्याच्या हातून एक घोटाळा झाला. त्याने माणसांचे खंडांप्रमाणे आणि रंगांप्रमाणे प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभावही चिकटवला. युरोपातला माणूस कायद्याने चालणारा, आफ्रिकेतला लहरीने! पंगत एक ठेवून त्याने पाट मात्र खालीवर केले. पुढच्या पिढ्यांनी पंगत विसरून तेवढे खालीवर पाटच लक्षात ठेवले.

याचा शेवट कुठे झाला ते पाहा. काँगोच्या अरण्यातला ओटा बेंगा नावाचा ठेंगणा तरुण १९०४ च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकेत आणला गेला. १९०६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्याला माकडांच्या घरात ठेवण्यात आले, एका ओरँगउटानच्या सोबतीला! बाहेरच्या पाटीवर त्याचे वय, उंची आणि वजन लिहिले होते. लिनियसने ज्या एका प्राण्यापुढे शरीराच्या खुणा लिहिल्या नव्हत्या, त्याच्यापुढे त्या इथे लिहिल्या गेल्या. लोक झुंडीने पाहायला येत. शहरातल्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी निषेध केला. त्यांच्यातल्या जेम्स गॉर्डन यांनी आपल्या अनाथाश्रमात त्याला आसरा दिला. पण घराची वाट त्याला पुन्हा सापडली नाही. १९१६ च्या मार्चमध्ये, व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी, त्याने आपल्याच हाताने आयुष्य संपविले. प्राणिसंग्रहालय चालविणाऱ्या संस्थेने जाहीर क्षमा मागितली ती २०२० साली.

दूर अमेरिकेतल्या लोकांना नावे ठेवायला आपल्याला जड जात नाही. पण आपल्या महाडच्या चवदार तळ्यावर गुरांनी पाणी प्यायलेले चालत होते, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांनी मात्र त्या पाण्याला हातही लावायचा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तिथे तर माणसाला जनावराच्या पंगतीतही जागा नव्हती!

तेव्हा माणूस प्राणी आहे, या म्हणण्यात अपमान कोणाचाच नाही. अपमान होतो तो ‘मी माणूस आणि तू जनावर’ या म्हणण्यात. आजचे शास्त्र सांगते की चिंपांझीचा आणि आपला डीएनए, ताडून पाहता येईल तेवढ्या भागात, सुमारे ९९ टक्के जुळतो. आणि पृथ्वीवरची कोणतीही दोन माणसे घेतली, तर त्यांचा ९९.९ टक्के. लिनियसची पंगत खरी ठरली, खालीवर पाट खोटे ठरले. आपल्या शब्दांनाही हे आधीच कळले होते. ‘प्राणी’ म्हणजे ज्याला प्राण आहे तो. इंग्रजांचा ‘ॲनिमल’ ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ श्वास. आणि फारसीतून आलेले ‘जनावर’ म्हणजे ज्याला जान आहे ते. शिवी आपण केली. शब्द बिचारा निर्दोष आहे. एरवी दिवाळीच्या उंबरठ्यावर, वसुबारसेच्या संध्याकाळी, आपण गाय-वासराला ओवाळले असते का?

दुसऱ्या दिवशी मी हे सारे वर्गात सांगितले. मग फळ्यावर पुन्हा ती यादी लिहिली. गाय, वटवाघूळ, देवमासा, माकड. ‘माणूस’ लिहायच्या जागी मी माझे स्वतःचे नाव लिहिले आणि खडू पुढे केला. म्हटले, “आता ज्याला ज्याला प्राण आहे, त्याने यावे.”

मागच्या बाकावरचा मुलगा सर्वांत आधी उठला. त्याच्या पाठोपाठ, जरा रेंगाळत, आदल्या दिवशी त्याच्याशी भांडलेला मुलगाही आला. दोघांनी आपली नावे एकाच ओळीत लिहिली.